बाराव्या लेव्हलवरची सावली

बालमित्रांनो, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ तुमच्यापैकी कितीजणांनी खेळला आहे? पुढे आलेले रंगीबेरंगी अवतार नव्हेत बरं का! मी म्हणतोय तो मूळचा, १९८९ सालचा खेळ. मला वाटतं, हात वर करणाऱ्यांत तुमच्यापेक्षा तुमचे आई-बाबाच जास्त असतील. त्यांना विचारून पाहा. पांढऱ्या कपड्यांतला तो राजपुत्र, पायाखालून निसटणाऱ्या फरश्या, खालून सपकन वर येणारे सुळे, सगळं त्यांना आठवेल. आणि ‘शेवटपर्यंत पोचला होतात का?’ असं विचारलंत, तर बहुतेक जण विषय बदलतील!

मीही गेल्या वर्षीपर्यंत विषय बदलणाऱ्यांतलाच होतो.

खेळाची गोष्ट साधी आहे. सुलतान लढाईवर गेलेला असतो. ती संधी साधून जाफर नावाचा वजीर राज्य बळकावतो. राजकन्येपुढे वाळूचे घड्याळ ठेवून तो म्हणतो, ‘तासाभरात माझ्याशी लग्नाला तयार हो, नाहीतर मर.’ तिचा मित्र असतो किल्ल्याच्या तळघरात, अंधारकोठडीत. तो मित्र म्हणजे आपण. हातात तलवारसुद्धा नाही. ती पहिल्याच लेव्हलमध्ये शोधावी लागते. तळघर, महाल आणि मनोरा अशा बारा लेव्हल ओलांडायच्या आणि मग वजिराला गाठायचे. पडद्यावर खाली तीन लाल त्रिकोण असतात, ती आपली ताकद. मोठ्या बाटलीतले औषध सापडले तर एक त्रिकोण वाढतो. आणि तास म्हणजे खराखुरा तास हं! मेलात तर लेव्हल पुन्हा पहिल्यापासून, पण घड्याळ काही मागे फिरत नाही.

आता तुम्हाला २००३ सालात घेऊन जातो. बीडहून सोलापूरकडे निघालात की मांजरसुंब्यानंतर आमचे चौसाळा लागते. तेव्हा मी आठवीत होतो. महामार्गालगत एका दुकानाच्या माडीवर संगणकाचा वर्ग निघाला होता. शिकवणी संपली की खेळायला मिळायचे, तासाला दहा रुपये. एकट्याकडे दहा रुपये कुठले? म्हणून मी आणि माझा मित्र पाच-पाच रुपये काढायचो आणि एकाच संगणकासमोर, एकाच खुर्चीवर अर्धे-अर्धे बसायचो.

त्याचे नाव सांगत नाही. त्याला आवडणार नाही. पण त्याची बोटे मला अजून दिसतात. पळणे, उडी मारणे, वर चढणे हे सगळे बाणांच्या कळांवर होते, आणि त्या कळा त्याच्या ताब्यात. तलवार चालवायची कळ होती ‘शिफ्ट’. ती माझ्याकडे. म्हणजे राजपुत्राचे पाय तो आणि हात मी! फरशी सैल आहे की पक्की, हे त्याला नुसते बघून कळायचे. मला अजून कळत नाही.

सरळ मार्गाने तासाभरात शेवट गाठणे आम्हाला कधीच जमले नाही. वीज गेली तर पैसेही गेले आणि राजकन्याही गेली! मग वर्गातल्या मोठ्या मुलांनी गुपित सांगितले. खेळ सुरू करताना ‘प्रिन्स’च्या पुढे ‘मेगाहिट’ असे टाईप करायचे, की मग दोन कळा एकत्र दाबून लेव्हलमागून लेव्हल ओलांडता येते. आम्ही एका मिनिटात बाराव्या लेव्हलवर! पण गंमत पाहा. लेव्हल ओलांडल्या म्हणून वाटेतली औषधे काही पोटात जात नाहीत. पोचलो बाराव्या लेव्हलवर, आणि ताकद पहिल्या लेव्हलची. तीनच त्रिकोण.

बाराव्या लेव्हलवर उंच मनोरा चढावा लागतो. फरश्या डोक्यावर कोसळत असतात. वर पोचले की समोर उभा राहतो तो पहारेकरी नसतो. तो असतो अगदी आपल्यासारखाच दिसणारा. आपली सावली!

मी ‘शिफ्ट’वर तुटून पडायचो. सावलीला घाव घातला की आमचाही एक त्रिकोण विझायचा. ती मेली की आम्हीही मेलो. पुन्हा मनोरा, पुन्हा सावली, पुन्हा तेच. चार शनिवार असेच गेले. पाचव्या शनिवारी मित्र हळूच म्हणाला, “आरे, तलवार ठिव की. मारू नकोस त्याला. त्यो आपुनच हाय.”

दिवाळी जवळ आली होती, सहामाही परीक्षा होती, आणि मी चौथ्यांदा मेलो होतो. मी खेकसलो, “तुला काय कळतंय? सहा महिने उसात, सहा महिने शाळेत. अक्कल पण तुझी अर्धीच!”

तो काही बोलला नाही. खुर्चीवरची त्याची अर्धी जागा रिकामी झाली, एवढेच मला कळले.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या मुलांना मी ‘सहा महिने उसात’ का म्हणालो, ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आमच्याकडचे हजारो लोक दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकापर्यंत. मुकादमाकडून आधी पैसे घेतलेले असतात, त्याला ‘उचल’ म्हणतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. कारखान्याजवळ पाचटाची कोपी बांधून राहायचे, पहाटेपासून फडात तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि उन्हाळ्याच्या तोंडी पट्टा पडला की परत यायचे. लहान मुले बरोबर जातात. त्यांची शाळा अर्ध्या वाटेवर थांबते.

त्या दिवाळीनंतर माझा मित्रही गेला. पट्टा पडल्यावर गावात परत आला, पण शाळेत नाही आला. रस्त्यात दिसला की मी पलीकडून जायचो. कारण त्याने माझ्याकडे बघून मान हलवली असती, आणि मला ते सोसले नसते.

पुढे मी डीएड झालो आणि प्राथमिक शाळेत शिक्षक झालो. दरवर्षी दिवाळीनंतर हजेरी घेताना काही नावांपुढे उत्तर येत नाही. मी ‘गैरहजर’ लिहितो, आणि दरवर्षी तेच वाक्य कानात वाजते. माझ्याच आवाजातले.

आता गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ सालची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीने विचारले, “बाबा, तुमच्या लहानपणी गेम होते?” मला स्फुरण चढले! जुन्या लॅपटॉपवर ‘डॉसबॉक्स’ नावाचा प्रोग्रॅम घातला. जुन्या काळचे खेळ नव्या संगणकावर चालवायला तो लागतो. पडद्यावर राजपुत्र आला आणि मी ठरवले, या वेळी मेगाहिट नाही. सगळ्या लेव्हल पायाखालून घालायच्या.

पहिल्या काही लेव्हल तर बोटांनाच पाठ होत्या. खरी मजा होती पुढच्या लेव्हलमध्ये, ज्या आम्ही कधी धड पाहिल्याच नव्हत्या. सहाव्या लेव्हलवरचा जाडा पहारेकरी असा चिवट, की त्याच्यापायी माझा चहा तीनदा निवला. सातव्या लेव्हलवर एक औषध मिळते. ते पिताच राजपुत्र पिसासारखा तरंगत खाली उतरतो. जिथे एरवी हाडे मोडली असती, तिथे अलगद पाय टेकतात. नवव्या लेव्हलवर एका औषधाने सगळा पडदाच उलटा होतो! राजपुत्र छताला पाय लावून चालल्यासारखा दिसू लागला, तेव्हा माझी मुलगी खाटेवर उलटी लोंबकळून मला वाट सांगत होती.

पण मला सगळ्यात आवडली ती आठवी लेव्हल. तिथे बाहेरचा दरवाजा उघडतो, पण परतीचे फाटक बंद होते आणि राजपुत्र कोंडला जातो. मी सगळ्या कळा दाबून पाहिल्या. तलवारीचा उपयोग नाही, उडीचा उपयोग नाही. हात टेकून बसलो. आणि थोड्या वेळाने पलीकडून तुरुतुरु एक इवलासा उंदीर आला! राजकन्येने पाठवलेला. त्याने कळीच्या फरशीवर पाय ठेवला आणि फाटक उघडले. इतका मोठा योद्धा, आणि त्याला सोडवले कुणी? उंदराने. मुलगी टाळ्या पिटत होती. मला मात्र ती रिकामी अर्धी खुर्ची आठवत होती. मित्र मला वाट दाखवत होता आणि मी त्याला लहान समजलो होतो.

तुम्ही विचाराल, ही सावली खेळात येते तरी कुठून? चौथ्या लेव्हलवर परतीच्या वाटेत एक आरसा आडवा येतो. पळत येऊन त्यातून उडी मारावी लागते. आपण इकडे पडतो तेव्हा आपल्या अंगात एकच त्रिकोण उरतो, आणि आरशातून निघालेली आपली सावली उलट्या दिशेने पळून जाते. पाचव्या लेव्हलवर ती आपल्या आधी औषध पिऊन टाकते. सहाव्या लेव्हलवर ऐन वेळी फाटक बंद करून आपल्याला खाली पाडते. म्हणजे आपल्याला सगळ्यात जास्त छळते कोण? तर जिला आपणच मोकळे सोडले ती.

ही सावली जन्मली कशी, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हा खेळ बनवला जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे पळायला आणि उड्या मारायला लावले. मग त्या चित्रफितीवरून एकेक चित्र काढले. म्हणून तर राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावतो! खेळाचे संगीत त्याच्या वडिलांचे. सगळा खेळ तयार व्हायला चार वर्षे लागली. मधेच सहकाऱ्यांनी आग्रह धरला, की यात शत्रू हवा, लढाई हवी. पण त्या काळच्या ‘ॲपल टू’ संगणकाची स्मरणशक्ती अगदी तोकडी. नवा माणूस काढायला जागाच शिल्लक नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रे जराशी सरकवून पुन्हा वापरली आणि सावली तयार झाली. जागा नव्हती म्हणून ती सुचली! पुढे काटकसर करून पहारेकऱ्यांनाही जागा निघाली, पण लक्षात राहते ती सावलीच. या खेळाचा मूळ आराखडा बरीच वर्षे हरवला होता. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना तो घरातल्या एका कपाटात, जुन्या फ्लॉप्यांवर सापडला. कपाटे आवरण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

असो. मी बाराव्या लेव्हलला पोचलो तेव्हा अकरा मिनिटे शिल्लक होती. मनोरा चढलो. सावली समोर आली. आणि २२ वर्षांनी, शिक्षक झाल्यावरसुद्धा, माझे बोट आधी कुठे गेले असेल? ‘शिफ्ट’वरच! घाव घातला. समोरचा त्रिकोण विझला, माझाही विझला. पुन्हा घाव, पुन्हा तेच.

मग मी थांबलो. तलवार म्यानात घालायला खालच्या बाणाची कळ दाबावी लागते. दाबायचीच होती, बोट तिथे नेलेही. पण ती कळ माझी नव्हती. बाणांच्या कळा त्याच्याकडे होत्या. ती युक्तीही त्याचीच होती. ती मी एकट्याने कशी वापरू?

लेव्हल सुरू होतानाचा खेळ मी आधीच जतन करून ठेवला होता, अकरा मिनिटांसकट. लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि मित्राच्या घरी निघालो.

त्याच्या अंगणात निघण्याची तयारी चालली होती. आता तो टोळीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. ट्रॉलीत पिठाची पोती, भांडी, गोधड्या आणि कागदात गुंडाळलेले कोयते. पहाटे चारला निघायचे होते. मला बघून तो एकदम उठला. “मास्तर? या वक्ताला?”

मी सारे पाठ करून गेलो होतो. पण तोंडातून एवढेच निघाले, “बारावी लेव्हल राहिली आहे.”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हात झटकून म्हणाला, “आण हिकडं.”

पोत्यावर लॅपटॉप ठेवला. त्याची मुले, पाचवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा, दोन्ही बाजूंनी रेलली. त्याची बोटे आता जाड झाली होती, एका नखावर काळा डाग होता. पण बाणांवर पडली आणि पहिल्याच उडीत मला कळले, की ती तीच बोटे आहेत. मनोऱ्यात तो तीनदा पडला. अकरा मिनिटांची सहा झाली. चौथ्यांदा वर पोचलो. सावली आली आणि मी मुद्दाम ‘शिफ्ट’वरून हात काढून मांडीवर ठेवला.

“तू म्हणाला होतास,” मी म्हणालो, “तलवार ठेव.”

त्याने खालचा बाण दाबला. राजपुत्राने तलवार म्यानात घातली. आणि मुलांनो, समोर सावलीनेही तलवार ठेवली! दोघे एकमेकांकडे चालत आले आणि एक झाले. पुढे खोल दरी होती, पूल नव्हता. त्याने न थांबता पुढे पळवले, आणि जिथे काहीच नव्हते तिथे पावलापावलाला फरशी उमटत गेली. मुले ओरडली. मी नाही ओरडलो. माझ्या घशात काहीतरी अडकले होते.

“त्या दिवशी मी जे बोललो,” मी म्हणालो, “ते फार वाईट बोललो. माझं चुकलं. तुझी शाळा माझ्यामुळे सुटली का?”

त्याने खेळ थांबवला नाही. पडद्याकडे बघतच बोलला. “न्हाई रे. बापाची उचल फिटली नव्हती, म्हणून सुटली.” थोडे थांबून म्हणाला, “पर लागलं व्हतं. लई दिस लागलं व्हतं.”

मी मान हलवली. त्याने ‘काही नाही रे, विसर’ असे म्हटले असते, तर मला बरे वाटले असते. पण खरे वाटले नसते.

वजिराशी लढताना त्याने माझा हात उचलून ‘शिफ्ट’वर ठेवला. “इथं ठिवायची न्हाई तलवार,” तो म्हणाला. “ह्यो आपुन न्हाई. हाण!” सोळा-सतरा घाव तरी घातले असतील! वजीर पडला तेव्हा दोन मिनिटे उरली होती. राजकन्या राजपुत्राच्या गळ्यात पडली. झाले, खेळ संपला.

“एवढंच व्हय?” मित्र म्हणाला. “ह्याच्यापायी बावीस वर्सं?” आणि आम्ही दोघे इतके हसलो, की त्याची आई चुलीपासून उठून बाहेर आली.

निघताना त्याने मुलीकडे बोट दाखवले. “मास्तर, ह्या दोघांला ठिवून जायलोत. आईपाशी राहतील. हंगामी वसतिगृहात नावं टाकलीत. बघशील ना?” हंगामी वसतिगृह म्हणजे काय, तर ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांची मुले मागे आजी-आजोबांपाशी राहतात आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेत होते. “बघतो,” मी म्हणालो. यापेक्षा जास्त बोलता आले नाही.

पहाटे ट्रॅक्टरचा आवाज महामार्गापर्यंत ऐकू आला आणि मग विरून गेला. ती दोन मुले आजीबरोबर दारात उभी होती, असे नंतर कळले. धाकटा रडत होता. आई-बाप सहा महिने लांब, आणि तो तिसरीत. यात आनंद मानण्यासारखे काही आहे, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्याची पाटी अर्ध्यात थांबली नाही, एवढे खरे.

सुट्टी संपली, शाळा उघडली. मी हजेरी घेऊ लागलो. काही नावांपुढे या वर्षीही उत्तर आले नाही. मग तिचे नाव आले. मी नाव उच्चारले आणि जरा थांबलो.

“हजर, सर!”

मुलांनो, तुमच्याही वर्गात कुणीतरी असेल, ज्याला तुम्ही रागाच्या भरात नको ते बोलला असाल. त्याचे घर जवळ असेल तर आज संध्याकाळीच जा. माझ्यासारखी २२ वर्षे लावू नका. आणि पट्टा पडला, की मित्र गावी येणारच आहे. त्याने निरोप धाडलाय, “पुढच्या खेळाचं बघून ठिव. बाण माझ्याकडंच राहतील.”